हंडे वाजत नाहीत असं घर

३ एप्रिल
चौथ्या दिवशी टँकर आला. हौदाशी झुंबड. खाली सांडलेल्या पाण्याला एक काळी कुत्री जीभ लावत होती. सखारामने रिकामा हंडा तिच्या कमरेत घातला. वर मलाच म्हणतो, "गुरुजी, मानसाला न्हाई अन् हिला?" विचारलं, सांडलेलं तू चाटणार होतास का रे? दयेवर माझं व्याख्यान असलं की पहिल्या रांगेत हाच बसतो!
कुत्री उचलून घरी आणली.

६ एप्रिल
चालायला लागली. भाकरी खाते, पण हातातून नाही. शेजारी हंडा वाजला की मोरीत घुसते, जागीच मुतते, दुपारपर्यंत बाहेर येत नाही. माझ्या आवाजाला मात्र ढिम्म. माझी बायको सुमन म्हणाली, "सारा तालुका तुमच्या आवाजाला भेतो, ही एकलीच शानी निघाली."
आमचं घर हौदाला खेटून. इथे ठेवणं म्हणजे छळ. दुसरं घर बघायचं.

९ एप्रिल
उमापूरच्या एकाला राखणीला हवी होती. साखळीने बांधणार. ही भुंकत नाही म्हटलं, तर म्हणे, "मंग काय आरतीला बशिवू का तिला?" जिवाची किंमत भुंकण्यावर. हाकलला.

१३ एप्रिल
तलवाड्याला आक्काकडे सोडली. बहीण मायाळू, गल्ली शांत. येताना हलकं वाटलं.

१५ एप्रिल
काय हलकं! तिथेही टँकर, तिथेही हंडे. दोरी तोडून पळाली. चार तास शोधली. रस्त्याखालच्या कोरड्या नळकांड्यात सापडली, पंजे रक्ताळलेले. आक्का रडत होती, "भाऊ, हंड्याबिगर घर म्या कुठून आणू रे?"
असं घर एकच आहे. लिहायलाही लाज वाटते.

१६ एप्रिल
सोसायटीचे चेअरमन दादाराव. विहिरी खोल करायचं यंत्र सभासदांसाठी आलं, ते आधी यांच्या मळ्यातल्या विहिरीत उतरलं. दुसऱ्या कुणाच्या विहिरीपर्यंत पोचलंच नाही. गावाला चौथ्या दिवशी टँकर, यांच्या मोसंबीला रोज पाणी. घर मळ्यातच, विहिरीला लागून. घरात नळ, त्यामुळे हंडे माळ्यावर. म्हणून तिथे शांतता! सहकार म्हणतात याला. सहा वर्षं बोलतोय या माणसाविरुद्ध.
सुमन: "कुत्रीला कळतं का तुमचं राजकारन?"

१८ एप्रिल
नेली. दादाराव ओट्यावर. "या गुरुजी. भाषण हितंच करता का?" कामापुरतं बोललो. त्यांची बायको शेंगा निवडत होती. हाक नाही, चुचकारणं नाही. भाकरीचा तुकडा बाजूला ठेवला आणि तिकडे पाहिलंही नाही. तासाभराने कुत्री तिच्या पदराशी जाऊन बसली. हातातून खाल्लं. पहिल्यांदा.
मला संताप आला. कुणाचा, ते ठरवता येईना.
निघताना दादाराव, "ऱ्हाऊ द्या. मी बदल्यात काय मागत न्हाई." मागितलं असतं तर बरं होतं. तोंडावर नाही म्हटलं असतं.

२४ एप्रिल
ग्रामसभा. दादारावांची विहीर दुष्काळापुरती सरकारने गावासाठी ताब्यात घ्यावी, असा ठराव मी मांडला. चाळीस मिनिटं बोललो. माणसं उभी राहिली. दादाराव उठले, "गुरुजींची कुत्री आमच्याकडं सुखात हाय, एवढं पन लिहून घ्या." हशा. मी म्हणालो, घ्या, आणि त्याखाली ठराव घ्या! मंजूर.
घरी सुमन ताट वाढताना, "आता सारं गाव हंडे घिऊन मळ्यात जाणार. ध्यानात हाय ना?"
होतं. भाषणाच्या मध्यावरच आलं होतं. थांबलो नाही. थांबायला नकोच होतं. तरी जेवण गेलं नाही.

२९ एप्रिल
गेवराईहून तहसीलदारांचा आदेश आला. उद्या सकाळपासून विहीर खुली.
दारोदार फिरलो. हंड्यांना फडकी गुंडाळून न्या, म्हटलं. काहींनी मान डोलवली. सखाराम म्हणाला, "गुरुजी, उद्या म्हशीला पैंजण घाला म्हनताल." फाडकन बोललो त्याला.
संध्याकाळी दादारावांच्या बायकोचा निरोप: "तुमच्या विहिरीचं तुमी बघा. कुत्री मी देणार न्हाई. तिला घिऊन मागच्या खोलीत बसंन."
किती दिवस बसणार? पाऊस कधी पडेल, कुणाला ठाऊक.
सुमनने आमचा हंडा घासून दाराशी ठेवलाय. फडकं मीच गुंडाळलं. दोनदा सुटलं.