लिंबांखालचा चाकवत

४ डिसेंबर २०२१
फसलं! आठ दिवसांपूर्वी लिंबांखालच्या तणावर गवती चहाचं तेल फवारलं, पानं करपली, मी नाचलो. आज बुडातून परत हिरवे फुटवे. कन्नौजला अत्तराच्या भट्टीवर चार महिने राबलो, निघताना मालकाने दोन लिटर तेल दिलं — त्यातलं अर्धं मातीत.

जनार्दनकाका नुसते खोकले. बाजारातलं तणनाशक मारून मारून जडलेला खोकला. त्यांनी शब्द दिलाय : तेल चाललं तर ते विष घराबाहेर. अनुसूयाकाकू याचीच वाट बघतेय. तिला त्या तणातलाच चाकवत हवाय. (इथे उत्तरेत सगळे बथुआ म्हणतात, ती नाही म्हणत.) "चार वर्षं झाली रे. दारची भाजी विषात मरते आणि मी मंडीतून विकत आणते!"

६ डिसेंबर
तेल पाण्यात मिसळायला साबण हवा. आणायला निघालो, ओरछा गेटपाशी बबीन्याची बस उभी होती — चढलो. तिथे लष्कराची छावणी आहे, रणगाडे दिसतील म्हणून. एकही दिसला नाही. समोसे खाऊन परत. साबण राहिलाच!
काकू : "पायाला भिंगरी आहे मेल्याच्या."

७ डिसेंबर
कंटाळा आलाय. ग्वाल्हेरला जातो म्हटलं, दोस्ताचं मोबाइलचं दुकान आहे. काकू भाजी निवडायची थांबली. पण बोलले काका — "जाऊ नकोस. उरलेलं तेल एकदा मारून बघ. फवारणीचा पंप मी धुऊन ठेवतो."
स्वतःहून! थांबतोय.

९ डिसेंबर
फवारलं. काका सकाळीच पेन्शनच्या कामाला सिविल लाइन्सला गेलेले. पंप तयार ठेवला होता, तळाशी थोडं पाणी. तेल, साबण, वर बादलीभर पाणी.

माझ्या मागोमाग काकू टोपली घेऊन! "सुकायच्या आत खुडते. उद्या मरायचंच आहे ना ते?"
"काकू, वास येईल."
"चहात घालतो तेच ना? मग!"
एकदा धुतला आणि ताकातला चाकवत केला. मला बोलवत होती, पण मी पतंगवाल्याच्या मागे गेलो होतो. एकटीनेच दोनदा वाढून घेतला.

दुपारी काका आले. पातेलं बघितलं, उभेच राहिले. तिला मिठाचं पाणी पाजायला लागले. ती हसत सुटली — "सठिया गए क्या जी? तेलच तर आहे." काही उलटून पडलं, काही नाही.

११ डिसेंबर
काकूचं तोंड आतून सोललंय. पाणी गिळवत नाही. हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर विचारतात, "घास मारने की दवा तो नहीं खाई?" मी म्हटलं, "नहीं जी, लेमनग्रास का तेल था बस।" त्यांनी परत विचारलं. मी छातीठोक परत तेच. काका शेजारी होते. चष्मा पुसत होते.

१३ डिसेंबर
लघवी बंद झालीय. बोलता येत नाही, माझ्याकडे बघून नुसता हात हलवते. जा म्हणते की बस म्हणते, कळत नाही.

बागेत जाऊन आलो. तण मुळासकट वाळलंय. एक फुटवा नाही! आनंद व्हायला हवा होता. मागच्या वेळी याच तेलाने तर काही झालं नव्हतं. या वेळी काय वेगळं केलं मी?

१६ डिसेंबर
काकू गेली. पहाटे.

१८ डिसेंबर
जो येतो तो माझ्याकडे बघतो. माझ्याच तेलाने मारली. परसातला गवती चहा उपटून टाकला. पिशवी भरलीय, सकाळच्या गाडीने जातो. कुठे ते ठरवलेलं नाही.

१९ डिसेंबर
काका दारात आडवे उभे. "पंप मी धुतला नव्हता. त्यात ते बाजारातलं तणाचं औषध होतं, मीच ओतलं होतं. तुझं तेल चालावं म्हणून. तेल चाललं तर तेवढ्याने तरी पोरगा इथे राहील, म्हणायची ती." मग खोकले, खाली बसले.

गाडी गेली. पिशवी खुंटीला लावलीय.