डाव्या हाताचा म

४ ऑगस्ट, सोम.
म गेला. ताडकळसच्या गुरुजींची हस्तलिखित वही टाईप करतेय, तिचं पा. ११२ चालू होतं. 'माय' टाईप केलं तर पडद्यावर नुसतं 'य'. म नाही, काना नाही. पाय मोडायचं बटणही मेलं. तिन्ही डाव्या तुकड्यातल्या एकाच उभ्या ओळीत, एकाखाली एक.
बावीस वर्षं कोर्टाबाहेर टेबल टाकून टाईप केलं, त्यात मनगटं गेली. डॉक्टर म्हणाले काम सोडा. सोडलं, आणि चार महिने घरात बसून सगळ्यांवर खेकसले. मग नेटवर वाचून वाचून हा दोन तुकड्यांचा कीबोर्ड. एकेका हाताला एकेक तुकडा, मनगट वाकडं करायचं कामच नाही. नकाशा माझा, हात ह्यांचे. भंगारातल्या रेडिएटरचा पितळी पत्रा ह्यांच्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानातच कापला, बटणं बसवली, खालून तारा ह्यांनीच सोल्डर केल्या. महिनाभर हाताला मुंग्या नाहीत. एकशे अकरा पानं.
आणि आज ही तऱ्हा.

५ ऑगस्ट, मंगळ.
चिमट्याने म च्या बटणाची खालची दोन टोकं जोडून पाहिली. असं केलं की बटण न दाबताही अक्षर यायला हवं. नाही आलं. म्हणजे बटण निर्दोष. मग कोण?
जेवताना ह्यांना म्हटलं, एखादा जोड सुटला असेल का.
"माझा? तीस वर्षं रेडिएटर जोडायलोय. गळलेला एक दाखव."
"गळत नाही हो, चालत नाही."
"मग तुझ्या नकाशातच खोट आसंल."
नकाशा तीनदा तपासला. खोट नाही. असती तर बरं झालं असतं, निदान भांडण मिटलं असतं. जुन्या कीबोर्डवर पाऊण पान केलं. करंगळी बधिर. बंद.

७ ऑगस्ट, गुरु.
गुरुजी ताडकळसहून एस्टीने आले. वय चौऱ्याऐंशी, हातात छत्री आणि माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा. टेबलावर कीबोर्ड उलटा पडलेला, पोटातल्या तारा बाहेर. एक तार बोटाने चाचपून पाहिली.
वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, विहारात रोज संध्याकाळी वाचन असतं. यंदा शेवटचे पंधरा दिवस गुरुजींची वही वाचायची असं ठरलंय. वहीत वस्तीतल्या बायांची हकीकत आहे. विहीर कोणी खणली, शाळेत पोरी पहिल्यांदा कोणी घातल्या. त्यातल्या तिघीच आता उरल्यात. गुरुजींचं अक्षर दुसऱ्या कोणाला लागत नाही, आणि त्यांना स्वतःला आता ते दिसत नाही.
"बाई, घाई न्हाई," म्हणाले. "पण त्या तिघी नव्वदीच्या पुढं हायत, हे बी ध्यानात ठिवा."
दुसऱ्या कोणाला द्या, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. मला हे काम हवंय. माझ्या हातांनी हवंय.

८ ऑगस्ट, शुक्र.
सापडलं!!
मीटरची एक सुई सगळ्या तारा येतात त्या छोट्या बोर्डावर, दुसरी उभ्या तारेवर. तार धड असेल तिथपर्यंत बीप वाजते. पहिल्या जोडापर्यंतसुद्धा वाजेना. भिंग लावलं. जोडाच्या कडेला हिरवी भुकटी, तार आतून कुरतडलेली. नखाने टोकरली तर तुटूनच आली. नाकाजवळ नेली आणि समजलं. हा वास मी तीस वर्षं ह्यांच्या शर्टातून धुतेय.
तेजाब. रेडिएटर जोडताना पितळावर आधी फासतात ते. ह्यांनी तेच कीबोर्डला फासलं, अगदी मन लावून, प्रत्येक जोडाला. पावसाळी हवेत त्याने तांबं खाल्लं.
नाचावंसं वाटलं. मग वाटलं, सांगायचं कसं. ह्यांना नीट दिसत नसतानाही रात्र रात्र बसून केलंय.
नाही सांगितलं.

१० ऑगस्ट, रवि.
हे पाथरीला, साखरपुड्याला. घर माझं.
मोबाईल दुरुस्तीवाले बोर्ड धुतात ते स्पिरिट आणि दात घासायचा ब्रश. अख्खा डावा तुकडा घासला. सगळ्या उभ्या तारा उपटल्या, नव्या टाकल्या. जोडायला तेजाब नाही, राळ; ती तांबं खात नाही. आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग. पहिले चार जोड म्हणजे शेळीच्या लेंड्या. पाचवा चकचकीत. अंगठा भाजला.
दुपारी लावून पाहिला. म आला! पण शेजारचा अनुस्वारही सोबत आला. दर वेळी. रडायचीच बाकी होते. पुन्हा भिंग. तारेचा केसाएवढा एक धागा शेजारच्या जोडाला टेकलेला. कात्रीने कच्च.
म. म. म. मामा, माती, माय, मिरची, मम्मम. अख्खं पान म चं भरलं. एकटीच मोठ्याने हसले. कोर्टात जे मला 'टाईपवाली बाई' म्हणायचे, त्यांनी आज यावं आणि बघावं.

१३ ऑगस्ट, बुध.
पा. ११२ ते १३१. हात गार, हलके.
ह्यांनी राळेची डबी पाहिली. उघडली, हुंगली, झाकण लावलं. भाकरी अर्धी झाल्यावर म्हणाले, "तेजाबानं खाल्लं का?"
"हो."
"रेडिएटर आमी जोडल्यावर पाण्यानं धुतो. मग न्हाई खात." भाकरीचा तुकडा मोडत, "हे धुतलं न्हाई. कांप्युटरच्या वस्तूला पाणी कसं लावावं, म्हनून भ्यालो. तुझी वस्तू बिघडंल म्हनून."
त्यांच्या ताटात वाढलं, त्यांनी नको म्हटलं तरी.

१४ ऑगस्ट, गुरु.
गुरुजींना फोन केला, एकशे पस्तीस पानं झाली. पलीकडून मोठ्याने "जय भीम बाई!" आभाराच्या पानावर कीबोर्ड बनवणाऱ्यांचं नाव घाला म्हणाले. दोन्ही नावं घातली. ह्यांना वाचून दाखवलं.
"माझं नाव खोडून टाक. उजवा तुकडा बी मीच जोडलाय."
खरंच आहे. तेच तेजाब तिकडेही आहे. आज दुपारपासून र दोनदा दाबावा लागतोय. पण आता मला भीती नाही. रोग माहीत, औषध घरात.
आत्ता हे चष्मा पुसून टेबलाशी येऊन बसलेत. उजवा तुकडा उलटा करून समोर ठेवलाय.
"राळ कितपत लावायची, दाखव," म्हणतायत.
त्यांच्या हाती पुन्हा द्यावा का? वहीची नव्वद पानं बाकी आहेत.
सोल्डरिंग गन मी तापायला लावलीय, राळेची डबी त्यांच्यासमोर सरकवलीय.