राखेचा रंग आणि रद्द झालेलं मतदान

विजयराव, आणि हे पत्र ऐकायला ओट्यावर जमलेल्या कडा गावच्या समस्त नवरे मंडळींनो,

सर्वांना वडवणीहून नमस्कार. घर आपल्या नावावर असतं, घरपट्टी आपण भरतो, पण भिंतीत एक खिळा ठोकायचा तर मंजुरी स्वयंपाकघरातून आणावी लागते. हा अन्याय तुम्ही सोसलाय, मीही सोसलाय. मी यापुढे सोसणार नाही! (सासूबाईंच्या गुडघ्याला उतार पडला असेल, अशी आशा आहे.) विजयराव, तुमची बहीण, म्हणजे आमची वनमाला, मंगळवारी रागाने तुमच्याकडे निघून आली. माझा फोन ती उचलत नाही. तुम्ही उचलता, पण लगेच तिच्याच हातात देता आणि ती कापते. म्हणून हा कागद. तिची बाजू तुम्ही ऐकलीच असेल. आता खरी ऐका.

बैठकीची खोली रंगवायची होती. पांढरा नको, असं वनमालाचं म्हणणं. कारण माझ्याकडे येणारे कार्यकर्ते तेल चोपडलेली डोकी भिंतीला टेकून बसतात आणि उठले की मागे काळे गोल राहतात. (धोंडीरामचा गोल तर दारातून ओळखू येतो.) करडा रंग मी मान्य केला. पण करड्यातही दोन निघाले. एक चुलीतल्या राखेसारखा, तो तिचा. दुसरा शिसपेन्सिलीसारखा, जरा निळसर, तो माझा. आता तुम्हीच सांगा, ज्या खोलीतून मी पीकविम्यापासून पाण्याच्या टँकरपर्यंत प्रत्येक प्रश्नावर आग ओकली, तिच्या भिंतीला राख? राख म्हणजे विझलेली आग! यावर ती म्हणाली, "निळी झाक असलेला लावला तर दवाखान्यात बसल्यागत वाटंल."

मी लोकशाही मानणारा माणूस. हुकूम सोडला नाही, कार्यकर्त्यांची सभा बोलावली. रंगारी चाँदभाईंनी भिंतीवर दोन्ही रंगांचे ओले पट्टे मारले आणि डावा निळसर दिसला म्हणून तोच माझा समजून मी त्याच्याकडे बोट दाखवून बोलायला उभा राहिलो. फ्रान्सच्या राज्यक्रांतीपासून सुरुवात केली, निजामाच्या राजवटीवर आलो, तिथे जरा रमलो. मधेच चाँदभाई म्हणाले, "सुग्रीवभाऊ, आवरा की, ब्रश बी वाळला." मी आवरलं नाही. शेवटी हात वर करायला सांगितलं, तर झाडून सगळे हात डाव्या पट्ट्याला! टाळ्या पडल्या, चहा आला.

आणि तेव्हा वनमाला पदराने हात पुसत बाहेर आली व भिंतीकडे बघून हसायला लागली. ओला रंग वेगळा दिसतो आणि वाळला की बदलतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (तिने सांगितलं होतं, पण तेव्हा मी भाषणाचे मुद्दे काढत होतो.) भाषण संपेपर्यंत पट्टे खडखडीत वाळले होते आणि डावा निघाला राखेचा. म्हणजे माझ्याच तोंडाने मी तिचा रंग एकमताने निवडून आणला होता.

मी तिथल्या तिथे मतदान रद्द केलं आणि शनिवारी फेरमतदान जाहीर केलं. यात माझं काय चुकलं? मतदारांची दिशाभूल झाली होती! (कुणी केली, हा मुद्दा गौण आहे.) ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "ह्या बाप्यांनी जल्मात भिंतीला पाठ टेकायच्या पल्याड काय केलंय? अन् हे माझ्या घराचा रंग ठरवणार? आन् ठरवला तर तुमी तो बी मोडणार?" आणि पिशवी भरून एसटीला गेली.

तेव्हा तिला स्पष्ट सांगा, मी तत्त्वापासून तसूभर हलणार नाही.

आपला,
सुग्रीव

ता. क. : हे ओट्यावर वाचू नका. फेरमतदान झालं नाही. धोंडीराम हात वर करायच्या तयारीनेच आला होता, त्याला दारातून परत पाठवला. चाँदभाईंनी काल सगळ्या खोलीला राखेचा रंग दिला. चांगला दिसतो. फार चांगला दिसतो. पण "मी म्हणत नव्हते?" असं म्हणायला घरात कुणी नाही, आणि मला एकट्याला त्या खोलीत बसवत नाही.

आणखी ता. क. : विजयराव, माझ्या सहीपर्यंतचा कागद फाडून टाका, आणि खालचा हा तुकडा तेवढा आत्ताच्या आत्ता वनमालाच्या हातात द्या.