परसातल्या पक्क्या खोल्या

४ जानेवारी १९५५, नागभीड
आजपासून रोजनिशी. कारण विशेष नाही. लटारूने चौथी खोली भाड्याने दिली. परवापरवापर्यंत तळ्यात जाळे टाकणारा हा माणूस. भिंती कुडाच्या, वर कवेलूंचे छप्पर, आणि आत तारबाबू, जंगल खात्याचा कारकून, दवाखान्यातली नीलाबाई, आणि आता पोस्टमास्तरसुद्धा. मला आनंदच आहे. शेजाऱ्याचे बरे झाले की मला नेहमी आनंद होतो. जेवण गेले नाही ते वांग्यामुळे.

६ जानेवारी
संकल्प. परसात तीन खोल्या बांधणे. पक्क्या विटांच्या. घर सासऱ्यांचे, मनकर्णा त्यांची एकुलती एक, म्हणून मी सतरा वर्षे इथे आहे. मी शाळेत असिस्टंट मास्तर, पण गावात ओळख 'मनकर्णाबाईचे मास्तर' अशी. खोल्या झाल्या की 'घरमालक' म्हणतील. मनकर्णेला प्लॅन दाखवला. ती म्हणाली, तिथी माहा भाजीचा वाफा हाये, तो कुठी नेऊ? मोठ्या कामात वाफे मोजायचे नसतात.

१९ फेब्रुवारी
पाया खणून झाला. लटारू न बोलावता आला. बिडी ओढत खड्ड्यात डोकावला. म्हणे, मास्तर, पहिले विहीर खोदा. भाडेकरू भिंती पाहते, पण त्याची बायको पाणी पाहते. अन् चूल पाहते. चूल नाई दिली तं कोणी टिकणार नाई.
अडाणी सल्ला. आमच्या घराला तरी कुठे विहीर आहे? मनकर्णा लटारूच्याच विहिरीवरून पाणी आणते. तिने कधी तक्रार केली नाही. म्हणजे मला ऐकू आली नाही. आणि चुलीच्या धुराने चुना काळा पडतो. चूल रद्द.

२८ मार्च
खोल्या पूर्ण. पांढऱ्याशुभ्र. माझे धोरण असे: भाडे लटारूपेक्षा जास्तच ठेवायचे, नाहीतर लोकांना फरक कळायचा कसा? टेनंट चारित्र्यवान हवा. शक्यतो मॅट्रिक. आणि घाई करायची नाही. लटारू येईल त्याला खोली देतो. येणाऱ्याच्या बायकोला आधी विहिरीवर नेतो म्हणे. व्यवहारात एवढी लाचारी बरी नव्हे.

११ एप्रिल, दुपारी
रेल्वेचे गार्ड सहकुटुंब आले. बाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारले, चूल कुठी? मी म्हटले, स्टोव्ह वापरावा. बाई हसल्या. फर्स्टक्लास खोली पाहून लोक असे का हसतात कळत नाही. लाकडाच्या ठेकेदाराचे मुनीमही येऊन गेले. त्यांना मी नाकारले. ते 'नको' म्हणाल्यावर.

२ मे
लटारूकडचा जंगल खात्याचा कारकून बदलून गेला. खोली रिकामी. आज बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागेल.

५ मे
लागली नाही. ती खोली पाहायला आज दोन कुटुंबे आली. माझ्या फाटकावरून गेली. एकाने मलाच विचारले, लटारूभाऊचं घर कोणतं?

७ मे
कायदा आठवला. घर रिकामे झाले की आठवड्याच्या आत कचेरीत कळवावे लागते, मग कचेरी ते सरकारी नोकराला देते. कंट्रोल ऑर्डर. अंगठाबहाद्दर लटारूला हे काय ठाऊक? कचेरीला निनावी अर्ज लिहिला. 'एक जागरूक नागरिक.' डाव्या हाताने लिहिला, पण भाषा उजव्या हाताचीच राहिली. हे देशकार्य आहे. माझ्या खोल्यांचा प्रश्न वेगळा. त्या रिकाम्या नाहीत, राखीव आहेत.

१४ मे, शनिवार
लटारू आला. मांडी घालून बसला. म्हणे, मास्तर, कचेरीचे इन्स्पेक्टर येऊन गेले. कोणीतरी अर्ज केला होता. पण म्या तं कारकून गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी देऊन आलो, अंगठ्याची. साहेबानं अर्ज वाचून दाखवला. लय साजरा अर्ज. साहेब म्हणे, इतकं शुद्ध मराठी या भागात लिहिते तरी कोण?
मी म्हटले, असेल कोणी विद्वान.
तो म्हणे, असनच. आता साहेब सोमवारी तुमच्याकडे येऊन राह्यले. तुमच्या खोल्या दीड महिन्यापासून खाली हायेत. तुम्ही तं कळवलंच असन, शिकलेले माणसं तुम्ही.
चहा न घेता गेला. मी विचारलाही नव्हता.

१५ मे
तोडगा सुचला. रिकाम्या खोल्या ताब्यात घेतात ना? मग त्या रिकाम्या नकोतच. सगळा संसार उचलून परसातल्या खोल्यांत. एकीत बिछाने, एकीत धानाच्या कणग्या, एकीत माझी लायब्ररी (अकरा पुस्तके). मनकर्णा म्हणाली, मले माह्या बापाच्या घरातून परसात काऊन काढून राह्यले? मी म्हटले, दोन दिवसांचा प्रश्न. पुढच्या राहत्या घराला नागपूरचे नवे कुलूप लावले. व्यवस्थित दिसले पाहिजे.

१६ मे
इन्स्पेक्टर सभ्य गृहस्थ. कागद पुढे करून म्हणाले, इथे राहता तसे लिहून द्या. नुसते एक वाक्य मागितले होते, मी तीन दिली. 'आम्ही उभयता या खोल्यांत कायम वास्तव्य करतो. अन्यत्र राहण्याचा आमचा इरादा नाही. आमच्या गरजेला ही जागा पूर्ण पुरेशी आहे.' झोकदार सही केली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, मग पुढचे कुलूपबंद घर कोणाचे?
मनकर्णा दारात उभी होती. मी पुढच्या घरासंबंधी सविस्तर बोलत राहिलो.

२१ मे
ऑर्डर आली. पुढचे घर रेंजरसाहेबांना. सात माणसे, दोन गाई. अपील करायला कचेरीत गेलो. इन्स्पेक्टरांनी माझेच तिसरे वाक्य मला वाचून दाखवले. अक्षराची तारीफ केली. माणसाला पारख आहे.

२७ मे
मनकर्णा अंगणात तीन दगड मांडून रांधते. वाऱ्याने धूर खोल्यांत येतो, पांढरा चुना पार काळवंडला. वाफ्याचे जे काही उरले होते ते गाईंनी खाल्ले. रेंजरीणबाई तिला म्हणाल्या, घर मोठं साजरं आहे, कोणी बांधलं? मनकर्णा म्हणाली, माह्या बापानं. एवढेच. रेंजरची सोय झाली म्हणून कचेरीने लटारूला कळवले, तुझी खोली आम्हाला नको, तू कोणालाही दे. काहींचे नशीबच जोरावर असते.

३ जून, संध्याकाळ
बाहेरून आलो तो खोल्यांत मनकर्णा नाही, भांडी नाहीत. तिने लटारूची खोली घेतली. स्वतःच्या नावावर. मी विचार केला. तत्त्व वेगळे, जेवण वेगळे. तिन्ही खोल्यांना कुलूप लावले. आठवड्यात कळवायचे आहे, कळवीन. वळकटी घेऊन लटारूकडे आलो. दार लोटलेले होते, म्हणून बाहेर थांबलो. आत लटारूची बायको आशाबाई चूल पेटवून देत होती. तिने विचारले, बाई, मास्तर बी राहतीन काय?
मनकर्णा म्हणाली, पाहू.
कुडाच्या भिंतीतून शब्द न् शब्द ऐकू येतो. असले बांधकाम मी कधीच केले नसते.