भोंगा वाजवायची परवानगी

आये,

तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, तेव्हा आपलं दोघींचं बरं जमेल. खालच्या गावातल्या शाळेत बसून लिहितेय. आमची अख्खी वाडी तीन दिवस झाले इथे येऊन पडली आहे. शेळ्या व्हरांड्यात, म्हाताऱ्या बाकांवर, आणि बाहेर पाऊस नुसता ओततोय. या सगळ्यांना खाली कोणी आणलं माहीत आहे? मी. तुझ्या लेकीने, एका बोटाने. हसू नको, सांगते.

माझी नात महाडला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. नाकाच्या शेंड्यावर राग, अगदी तुझ्यासारखा. तळीये गाव दरडीखाली गेलं तेव्हापासून तिच्या डोक्यात आमचा डोंगर बसला होता. मग तिने आमच्या वाडीपुरतं एक ॲप केलं. कुठे भेग पडली, पाऊस किती झाला, झऱ्याचं पाणी कसं आहे, ते सगळं त्यात लिहायचं, आणि एक बटण, ते दाबलं की देवळावरचा भोंगा वाजतो आणि सगळ्यांनी खाली निघायचं. पहिल्या वर्षी त्याला कुलूपकिल्ली काही नव्हती. ज्याच्या हातात मोबाईल, त्याने दाबावं. एका घरात दात येणाऱ्या पोराने मोबाईल चघळला आणि भोंगा वाजला! भाकऱ्या तव्यावर टाकून आम्ही पळालो. परत आलो तो भाकऱ्यांचा कोळसा, आणि पोर आपलं लाळ गाळत बसलेलं.

म्हणून नातीने त्याला लॉगिन बसवलं. म्हणजे प्रत्येकाने आपलं नाव सांगून, चार आकडे घालून आत जायचं. ते आकडे कोणाला सांगायचे नाहीत, तुलासुद्धा सांगत नाही. आणि आत गेल्यावर ज्याला जेवढी परवानगी तेवढंच त्याला करता येतं. मला कळेना, तेव्हा मी म्हटलं, "गो, म्हणजे आमच्या आयेची लोणच्याची बरणी." खायचं सगळ्यांनी, वाढायचं वहिनीने, पण बरणीत हात फक्त तुझा. तर नात म्हणाली, "आजी, आमच्या ऑफिसात कोणी एवढं सोपं करून सांगितलं नसतं." मला इतका आनंद झाला की दोन दिवस येईल त्याला मी बरणी सांगत होते. माझा फोटोपण आहे त्या ॲपमध्ये, डोक्यावर पदर घेतलेला. फोटोखाली लिहिलंय, फक्त बघू शकते.

आता बरणीत हात कोणाचा, ते मे महिन्यात ठरलं. मुंबईवाले गावी आले होते, देवळात बैठक झाली. नात म्हणाली, जो वाडीत असतो त्याला द्या. सगळे पुरुष म्हणाले, असं कसं, घराचा कारभारी तो कारभारी. लिहायचं ते त्याने, भोंगाही त्याने. अकरा घरं, अकरा कारभारी. जून लागला आणि अकराही जण मुंबईला गेले. वर उरलो आम्ही बायका, म्हातारे, शेळ्या. आम्ही बघू शकतो.

आणि मग परवाच्या आदल्या दिवशी सकाळी मी हंडा घेऊन झऱ्यावर गेले, तर पाणी लाल. गढूळ नव्हे. गढूळ मला कळतं. लाल, गेरू कालवल्यासारखं, आणि वास मातीचा, खोल आतल्या मातीचा. वरचा फणस रस्त्याकडे कललेला. शेळ्या गोठ्यात शिरेनात, खालच्या वाटेला तोंड करून उभ्या. मी लेकाला मुंबईला फोन केला. तो म्हणाला, "आये, पाऊस पडला की पानी गढूळ व्हायचंच. मागल्या वेळेला हसं झालं ते पुरे नाय का?"

आये, मला तिथेच तुझी चूल दिसली. मी दहा वर्षांची आहे. तू ओल्या पायांनी आत येतेस, हंडा रिकामाच, आणि बाबांना म्हणतेस, पाणी लाल झालंय, निघू या. बाबा पान जुळवतायत. "गढूळ झालं असंल." तू धाकट्याला कडेवर घेतलंस, शेळ्या सोडल्यास, आणि मला म्हणालीस, "शेजारच्या काकीच्या घरात जा, म्हणावं आये बोलावत्ये, जसे असाल तसे या." मी गेले आणि आले. तू विचारलंस, "सांगितलंस?" मी मान डोलावली. आपण समोरच्या माळावर जाऊन बसलो. दुपारी पाणी थांबलं. बाबा हसत हसत आपल्याला न्यायला आले, म्हणाले, बघ, झरापण बंद झाला, आता काय भ्यायचं, न विचारता घर सोडतेस, लोक काय म्हणतील. ते तुला बोलतच होते तेव्हा मागे डोंगर खाली आला. काकीचा गोठा गेला, गाभण म्हैस गेली, आणि गोठ्यात वाखाची दोरी वळत बसलेला काकीचा सासरा गेला.

तर लेकाने फोन ठेवल्यावर मी नातीला केला. ती एवढंच म्हणाली, "लाल? नक्की लाल?" मग म्हणाली, "आजी, आता मोबाईल बघ." बघते तर माझ्या फोटोखालचं लिहिलेलं बदललं होतं, आणि राखाडी बटण लाल झालं होतं. तिने महाडला बसून बरणी माझ्या हातात दिली. मी दाबलं. असा वाजला म्हणतेस!

पण डोंगर काही आला नाही. एक दिवस गेला, दोन गेले. काल टोमणे सुरू झाले. "आजीच्या बोटाला खोबरेल लावून ठेवा, गंजायचं नाय तर." मी पण हसले. नात काल महाडहून इथे आली, तिला कोणी धड चहा विचारला नाही. आणि आज दुपारी शेजारची सून वर जाऊन म्हशीची धार काढून आली, खुशीत. "झरा बंद झालाय! लाल नाय नि पांढरं नाय, थेंब नाय. चला घरी." एवढा पाऊस कोसळतोय आणि झऱ्याला थेंब नाही. लोक गाठोडी बांधायला लागले. लेकाचा फोन आला, नातीने सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "आधी आयेची परमिशन काढून टाक. वाडी नाचवतेय म्हातारी." नात म्हणाली, "बाबा, नाय काढनार." शेजारणीचा म्हातारा दाराकडे निघाला, म्हणाला, "परमिशन असो नसो, माझं घर हाय."

मी दारात जाऊन बसले. उंबऱ्यावर आडवी. म्हटलं, माझ्या अंगावरून जा. आणि मग त्यांना सांगितलं, लाल पाणी, थांबलेला झरा, बाबांचं हसणं, काकीचा सासरा. आणि आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. म्हातारा गाठोडं भिंतीला टेकवून त्यावर बसला. अजून तिथेच आहे. दारातून आमचा डोंगर दिसत नाही, नुसतं धुकं दिसतं, आणि मधूनच आतून काहीतरी गडगडल्यासारखं येतं. ढग असेल.

वही नातीची आहे, तिलाच परत देणार, पानं फाडून तुला कुठे पाठवू. पण जे त्यांना सांगितलं ते तुला सांगायचं राहिलं. तू मरेपर्यंत काकीशी बोलली नाहीस. सांगून ऐकलं नाही म्हणायचीस. तिने ऐकलं नाही असं नव्हतं गो. मी सांगितलंच नव्हतं. दारात गेले, तर आत पाहुणे होते, सगळे हसत होते, मला लाज वाटली. काकी घावनं काढत होती, तिने एक गुळाबरोबर माझ्या हातावर ठेवलं, ते खात खात मी परत आले.

आणि घावन, आये, फार चांगलं झालं होतं.