लाल्याची ट्रीटमेंट

३ नोव्हेंबर, सकाळी ७
गेटवरच्या लाल्या कुत्र्याच्या कानामागे जखम. अळ्या पडल्यात. चार विंगची माणसं नाकाला रुमाल लावून जातात. आजपासून लाल्या माझा पेशंट. माणूस रिटायर झाला म्हणजे संपला नाही, हे बदलापूरला दाखवून देणार.

दुपार
अंबरनाथला जनावरांच्या डॉक्टर राजसींकडे जाऊन आलो. जखमेसाठी जांभळा स्प्रे आणि सात दिवसांच्या गोळ्या. म्हणाल्या, आधी त्याच्याशी ओळख करून घ्या. आठ वर्षं त्याच्यासमोरून जातोय, आता आणखी काय ओळख करायची?

४ नोव्हेंबर
गोळी पनीरमध्ये घातली. पनीर खाल्लं, गोळी थुंकली. बायको उमा म्हणाली, कलेजी द्या. मी हयात असेपर्यंत घरात कलेजी येणार नाही. पनीरचा ब्रँड बदलतो.

५ नोव्हेंबर
स्प्रे मारला. लाल्या हलला. चष्मा जांभळा.

६ नोव्हेंबर
सेक्रेटरी भगवंत म्हणतो, वास येतो, मुलं घाबरतात. रविवारी टेम्पोने बारवी धरणाकडे जंगलात सोडून येऊ. मी म्हटलं, तिथे तो दोन दिवसांत मरेल, आणि हे बेकायदा आहे. तो म्हणाला, मग बरा करून दाखवा. दाखवतोच.

९ नोव्हेंबर, रविवार
टेम्पो आला. त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसलो. ड्रायव्हर म्हणाला, अंकल, साइड हो जाओ. झालो नाही. पावणेदोन तास. शेवटी टेम्पो रिकामा गेला. भगवंतने दहा दिवसांची मुदत दिली. विजयाच्या भरात लाल्याच्या डोक्यावरून हात फिरवला. चावला.

संध्याकाळ
सरकारी दवाखाना. एकूण पाच इंजेक्शनं घ्यायची. नर्सने विचारलं, कुत्रा पाळीव आहे का? म्हटलं, पेशंट आहे.

१२ नोव्हेंबर
माझं दुसरं इंजेक्शन. लाल्याच्या पोटात अजून एकही गोळी गेलेली नाही. तरी ट्रीटमेंट सुरू आहे, असंच म्हणेन.

१६ नोव्हेंबर
तिसरं. बी विंगच्या शीलाताई भेटल्या. औषधांच्या कंपनीत असतात. म्हणाल्या, काका, रागावू नका, टेम्पोच्या दिवसापासून मीच त्याला कलेजीतून गोळ्या देतेय, स्प्रेही मारू देतो. तुम्हाला खुर्चीत बसलेलं बघून वाटलं, आपण नुसतं खिडकीतून काय बघतोय. गोळ्या उमाने पुरवल्या म्हणे. घरात फितुरी. असो, प्लॅन माझाच.

१९ नोव्हेंबर
मुदत संपली. भगवंतने जखम पाहिली. भरत आलीय. टेम्पोचं नाव काढलं नाही. मी काढलं.

७ डिसेंबर
पाचवं इंजेक्शन. लाल्या ठणठणीत. सोसायटीने व्हॉट्सॲप ग्रुपसाठी फोटो काढला. तो शीलाताईंच्या पायाशी बसला, भगवंतचा हात चाटला. मी जवळ गेलो तर दात विचकून अंगावर आला. दुसऱ्या कुणावर भुंकत नाही. पेशंटला ताण नको म्हणून मीच गेटबाहेर थांबलो. फोटो आला. उमा म्हणते, तुम्हीही आहात, झूम केल्यावर दिसता.