माफी : आवश्यक अट की पुरेशी?

मुलुंड पूर्व,
बुधवार

ती. स्व. चंद्रप्रकाशदादांना, बोरिवलीच्या दिशेला तोंड करून मार्तंडचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. वहिनींनाही नमस्कार सांगा. जयंती गेले नऊ दिवस तुमच्याकडेच आहे, तेव्हा आपल्या बहिणीची खुशाली तुम्हीच कळवावी. (ती जेवते ना नीट? राग आला की आधी जेवण सोडते.) फोनच केला असता, पण तिने मला ब्लॉक केलंय आणि तुमचा फोनही तीच उचलते. म्हणून हा कागद.

तिची बाजू तुम्ही ऐकलीच असेल, आता माझीही ऐका. ऑफिसातल्या बढतीच्या परीक्षेत मी दोनदा आपटलो तो तर्काच्या प्रश्नांवर. म्हणून यंदा सत्तेचाळिसाव्या वर्षी घाटकोपरला क्लास लावला. श्रुतिका मॅडम शिकवतात. वय चोवीस, मला काका म्हणतात आणि उत्तर चुकलं की सगळ्यांदेखत फळ्यापाशी उभं करतात. त्यांनी सांगितलं, कुकरची शिट्टी झाली म्हणजे गॅस पेटलेला असणारच, पण गॅस पेटलाय म्हणून शिट्टी होईलच असं नाही. शिट्टीला गॅस आवश्यक, पण पुरेसा नाही. (पाणीही घालावं लागतं. हे मला परवा कळलं. कुकर अजून भिजत ठेवलाय.) पहिला नियम असा, की दिलेलं विधान खरं धरायचं, त्याच्याशी भांडत बसायचं नाही. हा नियमच मला नडला, दादा.

त्या रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. वाणाचे डबे क्लासवरून येताना मी आणायचे, पाचच्या आत. मी एका प्रश्नात असा अडकलो, की घरी पोचलो साडेसातला. घरात अठरा बायका. हळदीकुंकू लावून झालेलं, तिळगूळ संपलेला, आणि वाण हातात पडल्याशिवाय कुणाला उठता येईना. जयंती बिचारी तिसऱ्यांदा सरबत फिरवत होती. मला बघितलं आणि तिचा तोल गेला. म्हणाली, "माझ्यावर प्रेम असतं ना, तर आज वेळेवर आला असतास!"

मी वेळेवर आलो नव्हतो, हे तर भिंतीवरचं घड्याळ सांगत होतं. म्हणजे प्रेम नाही. निष्कर्ष चोख निघत होता, आणि महिनाभर माझा एकही निघाला नव्हता. मला इतका आनंद झाला, की हातातले डबे खाली ठेवून मी म्हणालो, "अगदी बरोबर! काय सरळ तर्क आहे गं तुझा!"

अठरा बायका, दादा. समोरच्या नंदाकाकूंनी तर हातातला पेलाच खाली ठेवला. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त उत्तर होतं, समोर बायको आहे हे नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. दुपारी मेसेज आला, "माफी मागितल्याशिवाय मी परत येणार नाही." आता बघा, ह्याचा अर्थ माफी आवश्यक आहे. पण पुरेशी आहे, असं तिने कुठे म्हटलंय? मी माफी मागितली आणि ती आलीच नाही, तर? म्हणून नम्रपणे विचारलं, "माफी ही अट आवश्यक की पुरेशी, ते कृपया कळवावे." तेव्हापासून ब्लॉक आहे. तरी आपण मध्यस्थी करून तिच्याकडून एवढा खुलासा लेखी घ्यावा, म्हणजे मला पुढचं पाऊल टाकता येईल.

आपला,
मार्तंड

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज क्लासात हाच प्रश्न नावं बदलून श्रुतिका मॅडमना विचारला. त्यांनी लगेच ओळखलं. पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "काका, ते विधान नव्हतं हो. त्यांना वाईट वाटलं होतं." मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. घर खायला उठतं, दादा. उत्तरं पडताळायलाही कुणी नाही.

दुसरं ता. क. हे पत्र आजच कुरिअरने पाठवतोय आणि उद्या संध्याकाळी मी बोरिवलीला येतोय. वरचं पत्र तिला अजिबात दाखवू नका, वाट लागेल माझी. फक्त ही खालची ओळ फाडून तिच्या हातात द्या.

जयंती, चुकलो गं मी. तू आली नाहीस तरी चुकलोच.